सर्व्हरलाही शाकारणी लागते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे उजाडला की कोकणात घर शाकारायची घाई सुरू होते. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपांना वाळवी लागली का ते पाहायचे आणि मृगाआधी सगळे पुन्हा बसवायचे. गेल्या पावसात गळले नाही म्हणून यंदा छपरावर चढायलाच नको, असे जाणते माणूस म्हणत नाही. त्याच गावातल्या वाचनालयाचा, महाविद्यालयाचा, पतसंस्थेचा सर्व्हर मात्र बसवल्या दिवसापासून तसाच चालू असतो. हापूस विकणाऱ्या बागायतदाराचे संकेतस्थळ आणि मालवण-गुहागरकडच्या घरगुती निवासाचे आरक्षणाचे पान, यांचीही तीच गत. या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेले, सॉफ्टवेअर असते: लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा, संकेतस्थळांसाठी वर्डप्रेस, ग्रंथालयांसाठी कोहा. परवान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून देखभालीची तरतूद करायची असते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. ती तरतूद व्हावी आणि ती करताना नेमके काय करायचे हे कळावे, यासाठी हे पत्र.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. प्रोग्रामला गंज चढत नाही हे खरे, पण त्याच्या भोवतालचे बदलत राहते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतले एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. ज्या सर्व्हरवर ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरची १.०.२ आवृत्ती होती त्यांतल्या अनेकांना दुसऱ्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच करता येईना. संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडत होते, पण पडद्यामागून होणारी देवाणघेवाण बंद. कोणी एक ओळही बदललेली नव्हती. पीएचपी ७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले, मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसचे ऑक्टोबर २०२३ मध्ये, सेंटओएस ७ या लिनक्सचे ३० जून २०२४ रोजी. या तारखा आधीपासून जाहीर असतात, भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवता येतील इतक्या आधी.

दुसरे कारण, सुरक्षेतली नवी भोके सापडतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत (लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात असा तयार कोड) सापडले ते असे होते की फॉर्ममध्ये नावाच्या जागी ठरावीक मजकूर टाकला आणि तो लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, नोंदला गेला, की सर्व्हर बाहेरून परका कोड आणून चालवू लागे. त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या काढाव्या लागल्या. दुरुस्ती बसवायला फार वेळ लागत नव्हता. वेळ गेला तो ही लायब्ररी आपल्याकडे कुठे आहे हे शोधण्यात, कारण ती दुसऱ्या पॅकेजच्या पोटात, ते पॅकेजही पुन्हा तिसऱ्याच्या पोटात अशी दडलेली होती.

म्हणून पहिले काम यादीचे. लायब्ररी हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो. पुस्तकांच्या लायब्ररीत दाखलनोंदवही असते, तशीच कोडच्या लायब्ररींचीही हवी. एक वही पुरे. प्रत्येक यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती, मुख्य सॉफ्टवेअर, ते कुठल्या रिपॉझिटरीतून (पॅकेजे उतरवण्याच्या संग्रहातून) आले, सुरक्षा दुरुस्त्या कधी थांबतात आणि कोण पाहतो. डेबियन-उबंटू या लिनक्सच्या वितरणांवर बसवलेल्या पॅकेजांची यादी डीपीकेजी देते, वर्डप्रेसच्या प्लगइनांची डब्ल्यूपी-सीएलआय, पायथनची पिप. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच यादीविषयी, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या बिलाविषयी, तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तालुक्याच्या वाचनालयाला तेवढा पसारा नको. वहीचे एक पान आणि त्यावर तारीख.

कोहाविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण महाविद्यालयीन ग्रंथालयांत ते मोठ्या प्रमाणावर आले आहे आणि अडचणीही तिथेच दिसतात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ते लिहिले गेले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये, आणि आकड्यातच वर्ष व महिना असतो: २४.०५, २४.११. मधल्या काळात दर महिन्याला दुरुस्तीची आवृत्ती. मोठ्या आवृत्तीच्या पहिल्याच अंकावर उडी मारू नये. शेवटी ०१ किंवा ०२ येईपर्यंत थांबावे, तोवर इतरांना आलेले अडथळे निस्तरलेले असतात.

सर्वांत मोठी चूक कोहा कुठून घ्यायचे हे सांगणाऱ्या रिपॉझिटरीच्या ओळीत होते. तिथे ‘स्टेबल’ हा शब्द लिहिलेला असेल, तर एखाद्या दिवशी साधे अपग्रेड करताना कोहा न विचारता पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाते, कारण ‘स्टेबल’चा अर्थच दर सहा महिन्यांनी बदलतो. त्याऐवजी आवृत्तीचा आकडा लिहावा, म्हणजे त्या मालिकेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात आणि उडी कधी मारायची ते आपण ठरवतो. याच्या उलट चूकही आहे. डेबियन आणि उबंटूमधली आपोआप अपडेटची सोय मुळात फक्त वितरणाच्या स्वतःच्या, मुख्यतः सुरक्षेच्या, दुरुस्त्या बसवते. कोहाची रिपॉझिटरी बाहेरची असल्याने ती त्यात येत नाही. ‘आमच्याकडे ऑटो अपडेट चालू आहे’ म्हणणाऱ्याचे कोहा तीन वर्षे जुने असते ते यामुळे.

अपग्रेडच्या मध्येच एक प्रश्न पडद्यावर येतो: ही कॉन्फिगरेशनची (मांडणीची) फाईल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजमधली नवी घेऊ की तुमची ठेवू? घाईत वाय दाबले जाते आणि देवनागरी शोध बंद पडतो. कारण मराठी पुस्तकांसाठी झेब्रा या शोधयंत्रणेला आयसीयू हे युनिकोड लिप्यांसाठीचे नियम वापरायला सांगणारा बदल त्याच फाईलींत केलेला असतो, आणि नवी फाईल त्यावर बसते. आधी डी दाबून फरक पाहावा, मग एन दाबून आपली ठेवावी. वाय दाबलेच असेल तर घाबरू नये, जुनी फाईल त्याच फोल्डरमध्ये डीपीकेजी-ओल्ड या शेपटीने शिल्लक असते. तिच्यातले आपले बदल नव्या फाईलीत उचलावेत आणि संपूर्ण सूची पुन्हा बांधावी. मोठ्या आवृत्तीनंतर ही पुनर्बांधणी तशीही करून घ्यावी. नाहीतर पुस्तक कपाटात आणि डेटाबेसमध्ये असूनही शोधात सापडत नाही, आणि वाचक रिकाम्या हाताने परत जातो.

आता लाईटचे. कोकणात हा मुद्दा आधी यायला हवा होता. अपग्रेड चालू असताना वीज गेली तर पॅकेजे अर्धवट उघडलेल्या अवस्थेत राहतात आणि पुढचे प्रत्येक काम अडते. अशा वेळी डीपीकेजीला सगळी अर्धवट पॅकेजे कॉन्फिगर करायला सांगायचे, मग पॅकेजे उतरवणाऱ्या एपीटीला तुटलेल्या डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेजांचे एकमेकांवरचे अवलंबन, जोडायला सांगायचे. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागते असे म्हणण्यापेक्षा, हे दोन आदेश क्रमाने दिल्याशिवाय दुसरे काहीही करू नये असे आम्ही म्हणू. सर्व्हर पुन्हा फॉरमॅट करण्याचा सल्ला अशा प्रसंगी फार लवकर दिला जातो. काम सुरू करण्याआधी यूपीएसवर प्लग काढून खरोखर किती मिनिटे निघतात ते मोजावे. तीन वर्षे जुनी बॅटरी दिवा हिरवा दाखवते आणि चार मिनिटांत मान टाकते. दुरून जोडणी करून काम करत असाल तर टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्राममध्येच आदेश द्यावा, म्हणजे तुमच्याकडचे नेट गेले तरी सर्व्हरवरचे काम चालू राहते. आणि डिस्कवर जागा पाहावी. वेगळे बूट पार्टिशन असलेल्या यंत्रांत जुने कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचे गाभे) साठून ते भरते आणि नवे कर्नल अर्धवट बसते. ऑटोरिमूव्ह आदेश जुनी कर्नल काढतो. डेटाबेसच्या पार्टिशनवर तर किमान डेटाबेसच्या दुप्पट मोकळी जागा असल्याखेरीज अपग्रेडला बसू नये.

अपडेट बसवले तरी एक गोष्ट राहते, आणि ती जाणकारांच्याही हातून सुटते. लायब्ररीची नवी फाईल डिस्कवर येते, पण आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर किंवा डेटाबेस मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो. ओपनएसएसएल अपडेट केले आणि अपाची हा वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तर भोक तसेच उघडे. नीडरिस्टार्ट हे छोटे पॅकेज बसवून ठेवले तर कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते दाखवते. कर्नल बदलले असेल तर संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. ‘आमचा सर्व्हर ४०० दिवस बंदच झाला नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. त्याचा सरळ अर्थ ४०० दिवसांतली एकही कर्नल दुरुस्ती लागू झालेली नाही, असा होतो.

पॅकेजचा आकडा जुना दिसला म्हणून ते असुरक्षित, असेही नेहमी नसते. डेबियनसारखी वितरणे मूळ आवृत्ती तीच ठेवून फक्त दुरुस्ती मागे आणून बसवतात आणि आकड्याच्या शेवटी आपले चिन्ह जोडतात. केवळ आकडा पाहून धोक्याची घंटा वाजवणारे तपासणी अहवाल महाविद्यालयांना विकले जातात. अशा अहवालातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘वितरणाने दुरुस्ती दिली आहे की नाही’ हे लिहून मागावे.

बॅकअपला कोकणात चांगला शब्द आहे: आगोटीची बेगमी. पण बेगमी करतात ती ओल लागणार नाही अशा जागी. कोहा रोज आपोआप बॅकअप घेते, आणि मूळ मांडणीत तो त्याच यंत्रावर, शेवटच्या दोन दिवसांपुरताच ठेवते. डिस्क गेली की बॅकअपही गेला. सोमवारी झालेली चूक गुरुवारी कळली, तर तिच्या आधीची प्रत शिल्लकच नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या यंत्रांबरोबर शेजारच्या कपाटातल्या बाह्य डिस्कही पाण्याखाली जाणे अटळ होते. जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यावरून गेले तेव्हा दिवसेंदिवस वीज नव्हती, म्हणजे ढगातली (क्लाउडवरची) प्रतही हाती येत नव्हती. त्यामुळे तीन प्रती हव्यात: एक यंत्रावर, एक इमारतीबाहेर, शक्यतो घाटापलीकडे, आणि एक डिस्क अशी जी एरवी कशालाही जोडलेली नसते. सलग सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या प्रती ठेवल्या तरी मध्यम ग्रंथालयाचा डेटाबेस दाबून ठेवल्यावर फार जागा घेत नाही. दर सहा महिन्यांनी त्यातली एक प्रत दुसऱ्या, कोऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. कोहाचा बॅकअप दोन फाईलींचा असतो, एक डेटाबेसची आणि एक कॉन्फिगरेशनची; दुसरी कॉपी करायची राहून गेलेली फार ठिकाणी आढळते, आणि ते कळते पुनर्स्थापनेच्या दिवशी.

ज्यांच्याकडे संगणक कक्षात तीस-चाळीस यंत्रे आहेत आणि नेट जेमतेम, त्यांनी एका यंत्रावर एपीटी-कॅशर-एनजी बसवावे. प्रत्येक पॅकेज बाहेरून एकदाच येते, बाकी यंत्रे ते आतल्या आत घेतात.

वर्डप्रेसकडे वळू. आंब्याची संकेतस्थळे मार्च ते मे जागी असतात, नंतर नऊ महिने त्यांत कोणी डोकावत नाही, आणि घुसखोरी नेमकी त्याच काळात होते. वर्डप्रेसचा गाभा २०१३ पासून लहान दुरुस्त्या आपोआप घेतो. प्लगइनांसाठी (वर्डप्रेसला जोडलेल्या पूरक प्रोग्रामांसाठी) तशी सोय २०२० मध्ये आली, पण ती प्रत्येक प्लगइनला आपण चालू करावी लागते. एखादे प्लगइन अधिकृत संग्रहातून काढून टाकले गेले तर त्याची दुरुस्ती कधीच येत नाही आणि ‘सर्व काही अद्ययावत’ असेच दिसत राहते. म्हणून वर्षातून दोनदा प्रत्येक प्लगइनचे संग्रहातले पान उघडून शेवटचे अपडेट केव्हाचे ते पाहावे. दोन वर्षे हालचाल नसेल तर पर्याय शोधावा. नको असलेले प्लगइन निष्क्रिय करून ठेवू नये, काढूनच टाकावे, कारण निष्क्रिय असले तरी त्याच्या फाईली सर्व्हरवर असतात आणि काहींना बाहेरून थेट हाक मारता येते. पैसे भरायची प्लगइने ‘मोफत’ देणाऱ्या जागांवरून काहीही घेऊ नये. त्यांत मागचे दार बसवलेले असण्याची शक्यता फार मोठी.

पीएचपी ७.४ वरून ८ वर जाताना जुने प्लगइन कोसळते आणि पांढऱ्या पानावर गंभीर चूक झाल्याची एक ओळ येते. तेव्हा फाईल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलावे. वर्डप्रेसला ते सापडत नाही, ते बंद पडते आणि बाकी संकेतस्थळ उघडते. कोणते प्लगइन दोषी ते डीबग लॉग चालू केल्यास फाईलच्या मार्गासकट कळते. थीमच्या फाईलींत थेट बदल केले असतील तर पुढच्या अपडेटला ते पुसले जातात. ते चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये, करावेत. घुसखोरीचा संशय असेल तर अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाईल आहे का पाहावे, तिथे चित्रांसारखे साहित्य असायला हवे, कोड नव्हे. डब्ल्यूपी-सीएलआयचा चेकसम तपासणीचा आदेश गाभ्यातली बदललेली प्रत्येक फाईल दाखवतो. अॅडमिन वापरकर्त्यांची यादी आणि पैसे घेण्याचा क्यूआर कोड हंगाम सुरू होण्याआधी डोळ्यांनी तपासावा, तो कोड आपल्याच खात्याचा आहे ना.

मोठे बदल कधी करायचे याचे वेळापत्रक इथल्या ऋतूंना धरून असावे. मार्च ते मे आंबेवाल्यांनी फक्त सुरक्षा दुरुस्त्या घ्याव्यात. जून ते सप्टेंबर वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची, तेव्हा कोणीही मोठी उडी मारू नये. मोठ्या आवृत्त्यांसाठी दिवाळीची सुट्टी सर्वांत चांगली: महाविद्यालय रिकामे, पाऊस गेलेला, आणि काही बिघडले तर हाताशी आठ-दहा दिवस.

आता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गातही ते आता कमी नाहीत. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून बनवलेली फीची किंवा हजेरीची प्रणाली महाविद्यालय वापरू लागते, मुले पुण्याला जातात, आणि वर्षभराने ती नव्या यंत्रावर उभीच राहत नाही. बहुतेक वेळा कारण एकच: लॉक फाईल जपलेली नसते. पॅकेजच्या आवृत्तीत तीन आकडे असतात. पहिला बदलला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा बदलला तर भर पडलेली असते, तिसरा म्हणजे दुरुस्ती. हा संकेत आहे, हमी नव्हे. लॉक फाईल प्रत्येक लायब्ररीचा नेमका आकडा आणि तिच्या मजकुराचा ठसा धरून ठेवते. ती कोडसोबत गिट या आवृत्तिनोंदीच्या साधनात ठेवावी. पीएचपीसाठी सर्व्हरवर कंपोजर इन्स्टॉल चालवावे, कंपोजर अपडेट नव्हे. नोडसाठी एनपीएम सीआय, एनपीएम इन्स्टॉल नव्हे. अपडेट विकासकाच्या यंत्रावर, वेगळ्या शाखेत, एका वेळी एका लायब्ररीचे करावे. चाळीस एकदम बदलल्या आणि पावती छापणे बंद पडले, तर कोणामुळे ते शोधण्यात आठवडा जातो. मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी हातातल्या मालिकेच्या शेवटच्या आवृत्तीवर यावे आणि तिथे मिळणारे ‘हे लवकरच काढले जाईल’ असे सगळे इशारे संपवावेत. पुढची उडी मग निम्मी सोपी होते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. मूळ मांडणीत अक्षरांचा क्रम ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी लायब्ररीकडून घेते. २०१८ मधल्या जीलिबसी २.२८ ने तो क्रम बदलला. डेटाबेसला हात न लावता फक्त खालची सिस्टिम नवी केली, तर मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमाने आणि शोध नव्या क्रमाने, अशी स्थिती होते. नोंद असून सापडत नाही, एकच नाव दोनदा शिरते. अशा स्थलांतरानंतर रीइंडेक्स करायलाच हवे.

सगळे लगेच अपडेट करा, असेही आमचे म्हणणे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग यांसारख्या एनपीएम या जावास्क्रिप्ट संग्रहावरच्या अतिवापरातल्या पॅकेजांच्या मेंटेनरला, म्हणजे ती सांभाळणाऱ्याला, फसव्या ईमेलने गाठून त्याच्या खात्यातून घातक आवृत्त्या सोडल्या गेल्या; त्या काही तासांत काढल्याही गेल्या. ज्यांनी त्या तासांतच अपडेट केले ते सापडले. साध्या अपडेटला आठवडाभर मुरू द्यावे, जाहीर झालेल्या सुरक्षा दुरुस्तीला मात्र थांबवू नये. हा भेद बदलांची नोंद वाचल्याशिवाय करता येत नाही, म्हणून ती वाचायची सवय हवी.

याहून गंभीर घटना २९ मार्च २०२४ ची. एक्सझेड या फाईल दाबणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार असल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने त्या दिवशी उघड केले. एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या, लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे रीतसर मदत करून विश्वास मिळवला होता, आणि एकट्याने ती लायब्ररी सांभाळणाऱ्या दमलेल्या मेंटेनरवर ‘दुसऱ्याला अधिकार द्या’ असा दबावही आणला गेला होता. जगभरच्या सर्व्हरांखालची लायब्ररी एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होती, ही यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आम्हाला वाटते. फुकट घेणाऱ्यांनी वेळेवर हात दिला असता तर तो एकटा पडला नसता.

हात देण्याला पैसेच लागतात असे नाही. तक्रार नोंदवताना आवृत्तीचे आकडे, चूक पुन्हा घडवण्याच्या कमीत कमी पायऱ्या आणि पडद्यावरचा मजकूर अक्षरशः उतरवून दिला, तर मेंटेनरचे कित्येक तास वाचतात. ‘चालत नाही, तातडीने बघा’ या निरोपाने फक्त त्याचा उत्साह जातो. मराठीपुरते तर काही काम आपल्यावाचून कोणी करणारच नाही. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. तो संगणकात दोन प्रकारे साठतो: एकात ऱ हे वेगळे अक्षर, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखे. युनिकोडचे सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही, म्हणून एका पद्धतीने नोंदवलेले पुस्तक दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की पहिला प्रकार उमटतो. नोंदींसाठी तोच ठरवून घ्यावा, जुन्या नोंदींतला दुसरा प्रकार बदलून घ्यावा आणि सूची पुन्हा बांधावी. पण खरा उपाय म्हणजे शोधाच्या लायब्ररींत वारा-वाऱ्याने, किनारा-किनाऱ्यावर अशा शब्दांच्या चाचण्या घालणे. त्या चाचण्या लिहायला मराठी येणारे माणूस लागते. कोहाच्या पडद्यांचे भाषांतरही वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर कोणालाही करता येते, आणि ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यासारखे दुसरे काम नाही.

पैशांचेही बोलायला हवे. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. केंद्र सरकारचे ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण २०१५ पासून आहे. पण स्वीकारल्यानंतर सांभाळायचे कोणी आणि कुठल्या खर्चशीर्षातून, हे गावपातळीवर अनुत्तरितच आहे. संस्थांकडे संगणकांची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असते, तिच्यात धूळ काढणे, टोनर भरणे, अँटिव्हायरस येते. सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर येत नाही. पुढचा एएमसी करार करताना संस्थाचालकांनी त्यात काही ओळी घालाव्यात. महिन्यातून किमान दोन तास अपडेटचे काम आणि काय बदलले याची लेखी नोंद. गंभीर सुरक्षा दुरुस्ती जाहीर झाल्यापासून तीन दिवसांत ती बसवणे. वर्षातून दोनदा बॅकअप कोऱ्या यंत्रावर उघडून दाखवणे, तेही ग्रंथपाल किंवा व्यवस्थापकांच्या समोर. लॉग १८० दिवस जपणे, कारण सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तेवढा काळ सांगितला आहे, आणि डेबियनवर अपाचीचे लॉग मूळ मांडणीत १४ दिवसांनी पुसले जातात. लॉगरोटेटच्या फाईलीत एक आकडा बदलला की काम होते. जी ओपन सोर्स सॉफ्टवेअर आपण वापरतो त्यांच्या प्रकल्पाला कराराच्या रकमेचा छोटा वाटा, समजा वीस रुपयांत एक, थेट पोहोचवणे. आणि शेवटची ओळ: रूट पासवर्ड, डोमेनचे खाते आणि होस्टिंगचे खाते संस्थेच्या स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर असेल, आणि त्याची कागदावरची प्रत बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत, वरच्या मजल्यावर राहील.

आपले,
ओपन सोर्स सॉफ्टवेअरची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ,
रत्नागिरी